पठ्ठ्याची कातडी

मगदुमांच्या घरात भांडण सुरू व्हायला हल्ली माणूस लागत नसे, सरडा पुरत असे.

"संयू, काल संध्याकाळी परत काळा झालाय." फोनवर उदयसिंह होता. आबा कसे आहेत, तू कशी आहेस, काही नाही. बंगळूरहून रोज सकाळी त्याचा फोन यायचा तो चौकशीला नव्हे, झाडाझडतीला.

संयोगिता डंकाच्या खोलीत होती. घराच्या मागच्या बाजूला तिनं मिरची कांडायचा डंक टाकला होता आणि अर्ध्या कागलची वर्षाची चटणी तिच्या हाताखालून जायची. तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"रंग बदलतोय म्हणूनच पाठवलायस न्हवं?"

"विषय बदलू नको. काल संध्याकाळी काय केलंस आबांना?"

"भाकरी वाढली."

"आणि?"

"आणि पिठलं."

"तुझी ही जीभ! आबांपुढं पण हीच चालवत असशील. सरडा उगाच काळा होत नाही. महिना भरत आलाय. या रविवारपर्यंत असंच राहिलं तर मी गाडी घेऊन येतोय. इथं चांगल्या ज्येष्ठ निवासात खोली बघून ठेवलीय."

"बापाला घेऊन जाणार आणि निवासात ठेवणार? मग इथनं न्यायचं कशाला, पोस्टानं पाठवते की," असं म्हणून तिनं फोन आपटला. डंक सुरू केला. त्या धडधडीत तिनं भावाला ज्या शिव्या दिल्या त्या मिरच्यांनीच ऐकल्या.

तिची जीभ तिखट होती हे खरं. गिऱ्हाईक, शेजारी, सोडलेला नवरा, सगळ्यांना तिनं झणझणीत चाखवलं होतं. पण आबांवर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. हिंदुराव वस्तादांनी उभा जन्म गावच्या तालमीत पोरं घडवली आणि आता त्यांना काल काय जेवलो ते आठवत नव्हतं. कधी ते लेकीला तिच्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारायचे. तीही ओ द्यायची. त्या म्हाताऱ्यासाठी ती जीव टाकत होती, आणि तिच्यावर आळ होता म्हाताऱ्याला धाक घातल्याचा.

सरड्याची ही भानगड समजायला थोडं मागं जायला हवं. माणूस घाबरला की त्याच्या घामाचा वास बदलतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, जनावरांना कळतो. शास्त्रज्ञांनी त्या वासातले नेमके रेणू हुडकून काढले, ते ओळखणारं जनुक एका परदेशी सरड्याच्या जातीत घातलं आणि त्या जाणिवेची तार थेट त्याच्या कातडीशी जोडून दिली. सरडाच का, तर त्याची कातडी म्हणजे आयता पडदा. तिच्या वरच्या थरात बारीक स्फटिकांच्या पेशी असतात. स्फटिक एकमेकांना खेटून असले की सरडा हिरवा दिसतो, लांब सरकले की पिवळा, तांबूस. त्यांच्या खाली काळ्या रंगाच्या पेशी असतात आणि त्यांना फांद्या असतात. एरवी काळा रंग पेशीच्या पोटात गोळा होऊन पडलेला असतो. मेंदूचा हुकूम सुटला की तो फांद्यांतून वर चढतो आणि हिरवं सगळं झाकून टाकतो. या नव्या जातीला तो हुकूम माणसाच्या भीतीच्या वासानं सुटत असे.

बोलता न येणाऱ्या रुग्णांसाठी ही युक्ती शोधली होती. पण चांगली युक्ती फार दिवस चांगल्या कामावर टिकत नाही. वृद्धांच्या खोलीत कॅमेरा लावायला कायद्यानं बंदी आली, तेव्हा कंपन्यांनी सरडा पुढं केला. सरडा चित्र काढत नाही की आवाज साठवत नाही, मग तक्रार कोण करणार? पिंजऱ्यातल्या फांदीवर बोटाएवढा रंगमापक बसवलेला असतो. कातडी किती काळी पडली एवढंच तो मोजतो आणि लांबच्या लेकाला कळवतो. मागोमाग नियमही आला. ज्या घरात महिनाभर काळ्या नोंदी येतील, तिथून म्हाताऱ्या माणसाला दुसरं अपत्य घेऊन जाऊ शकतं. नियम चांगल्या मनानं केला असेल, पण त्यानं भावाबहिणींच्या हातात काठ्या दिल्या.

उदयसिंह घरी यायचा तो दिवाळीपुरता. बापाची काळजी त्याला नव्हती असं म्हणता येणार नाही. पण लांबून केलेल्या काळजीत संशयच जास्त असतो. त्यानं सरडा पाठवला आणि फोनवर रंग बघत बसला.

आबांना मात्र तो बघताक्षणी आवडला. "बग तरी," ते म्हणाले होते, "एक डोळा जोडीदारावर, एक डोळा पंचावर. असा पठ्ठ्या मला तालमीत घावला न्हाई." तेव्हापासून त्याचं नाव पठ्ठ्या. आबांची खाट खिडकीपाशी, खाटेशेजारी पठ्ठ्याचा जाळीचा पिंजरा, वर उबेचा दिवा. तो माणसाळलेला होता. आबांच्या मनगटावर बसून तासन् तास झुलत राहायचा.

उदयसिंहाचा फोन आला त्याच दिवशी दुपारी संयोगिता पिंजऱ्यात पाण्याचा फवारा मारायला गेली. आबा गाढ झोपले होते, घोरत होते. झोपलेला माणूस कुणाला घाबरणार? तरीही पठ्ठ्याच्या दोन्ही कुशींवर काळपट डाग होते. तिनं वाकून बघितलं. डागांच्या कडा खरखरीत होत्या आणि एका ठिकाणी कातडी चिरल्यासारखी दिसत होती.

तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला, ही भीती नव्हे, कातडीचं दुखणं असेल. तिनं शेजारणीला आबांपाशी बसवलं, पिंजरा उचलला आणि कोल्हापूर गाठलं.

डॉ. वहिदा मुल्लाणी फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करायच्या आणि त्यांच्या मालकांवर डाफरायच्या. "दिवा किती उंचीवर लावता? पाणी वाटीत ठेवता की फवारा मारता? वाटीतलं हा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. घरात मिरचीचा धंदा आहे म्हणता, खाट कुठं, डंक कुठं?"

"डंक मागं, मधी दोन दारं. आणि मिरचीनं डाग पडत असते तर मीच कधीची काळी झाले असते."

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी खिडक्या बंद केल्या आणि पिंजऱ्यावर जाड काळं कापड टाकलं. "थांबा आता."

"कशाला?"

"अंधारात हा झोपतो. झोपला की रंगाच्या पेशींना हुकूम देणारं कुणी जागं राहत नाही, सगळा रंग खाली उतरतो. भीतीनं आलेला काळेपणा असेल तर तोही उतरेल. कातडीचं दुखणं असेल तर ते झोपत नाही."

संयोगिता त्या काळ्या कापडाकडे बघत राहिली. डाग उतरले तर? तर दादा म्हणतो ते खरं. पण ती तर आबांशी चढ्या आवाजात बोललीसुद्धा नव्हती. की बोलली होती आणि तिलाच कळलं नव्हतं? एवढे दिवस आळ ऐकून ऐकून आता तिची स्वतःवरचीच खात्री उडायला लागली होती, आणि त्याचाही राग तिनं भावाच्या खात्यावर मांडला.

डॉक्टरांनी कापडाचा कोपरा उचलला आणि मंद लाल दिवा आत धरला. पठ्ठ्या फांदीवर शेपटी गुंडाळून झोपला होता, अंग ताकासारखं पांढुरकं. आणि त्या पांढुरक्या अंगावर दोन्ही कुशींना डाग तस्सेच होते.

"भीती नाही ही," डॉक्टर म्हणाल्या. "जखम आहे. भीतीचे पट्टे पाठीच्या कण्यापासून पोटाकडं उतरतात, सरळ. हे ठिगळासारखे डाग आहेत. रंगमापकाला पट्टा आणि ठिगळ यातला फरक कळत नाही, तो नुसता काळेपणा मोजतो."

संयोगितानं डोळे पुसले. तिला रडायचं नव्हतं, दादाला फोन करायचा होता.

पण डॉक्टरांनी डागावरून हलकेच कापूस फिरवला आणि हुंगला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कापूर. आणि हा पिवळेपणा हळदीचा. याला कुणीतरी काहीतरी चोळतंय. कापूर याची कातडी जाळतो. कोण चोळतं?"

"कुणी न्हाई."

"मग आपोआप उगवलं का? बाई, उपचार सोपा आहे. कोमट पाण्याचा फवारा, मी देते ते मलम, दिवा वीतभर वर. कात सुटायला लागली तर ओढायची नाही, तिची ती पडू द्यायची. पण हे चोळणं थांबलं नाही तर पुढच्या वेळी मेलेलाच आणाल."

उदयसिंहाला तिनं हे सगळं फोनवर सांगितलं. माफी मागायला दोन शब्द पुरले असते. पण तो म्हणाला, "म्हणजे तू चोळलंस."

"काय?"

"भीतीच्या नोंदी लपवायला त्याची कातडीच बिघडवलीस. आता सगळ्या नोंदी बाद. हुशार आहेस."

"दादा, जन्मभर माझ्या ताटातलं तुला जास्त दिसत आलं. आईची पाटली, परड्यातलं आंब्याचं झाड, आणि आता बाप. तू माणूस न्हाईस, तूच सरडा हाईस. तिकडं एक रंग, हिकडं एक रंग."

"मग कोण चोळतं ते शोधून दाखव."

सरडे पुरवणाऱ्या कंपनीनं मध्यममार्ग काढला. जुन्या नोंदी रद्द. कातडी बरी झाली असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आठवडाभर नव्यानं तपासणी. त्यात एकही काळी नोंद आली नाही तर उदयसिंहाचा दावा कायमचा निकाली. आली, तर आबा बंगळूरला.

पठ्ठ्या बरा होत गेला. रोज फवारा, रोज मलम. कोण चोळत होतं ते मात्र संयोगिताला उमगलं नाही. डागांवरची कात कागदाच्या कपट्यांसारखी सुटून पडली आणि खालून कोवळी, पोपटी कातडी निघाली. डॉक्टरांनी पाहिलं, मान हलवली, तपासणी सुरू झाली. संयोगिता डंक अर्धाच दिवस चालवू लागली. आबांपाशी बसायची, पण तिचे डोळे पिंजऱ्यावर असायचे. आबा बोलायला लागले की ती "हूं" म्हणायची आणि पठ्ठ्याची कूस बघायची. पाणी मागितलं तर दुसऱ्यांदा मागावं लागायचं. आबा घाबरू नयेत एवढ्याच चिंतेत ती होती, आणि त्या चिंतेत आबांकडे बघायचं राहून जात होतं.

भावाशी बोलणं बंद होतं. पण मनातल्या मनात भांडण अखंड चालू होतं. भाकरी थापताना, केस विंचरताना ती त्याला उत्तरं देत असायची. पुन्हा पठ्ठ्या हिरवागार दाखवून त्याचं नाक कापायचं, एवढं एकच तिला दिसत होतं.

तपासणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी एका लग्नघरची मिरची आली. टाळणं शक्य नव्हतं. तिनं आबांना जेवायला घातलं, पांघरूण घातलं आणि मागं गेली. अर्ध्यात फडकं न्यायला परत आली तर आबांच्या खोलीतून गुणगुण ऐकू आली. आबा तालमीतलं काहीतरी पुटपुटत होते.

"दम धर, दम धर. अंग सोड. हां, शाब्बास."

ती दारात आली. आबा खाटेवर मांडी घालून बसले होते. मनगटावर पठ्ठ्या होता, हिरवागार, निवांत, एक डोळा आबांवर आणि एक खिडकीवर. समोर खाटेखालचा एक जुना पत्र्याचा डबा उघडा होता. त्यात तांबडी माती होती. तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली माती, हळद, तेल, ताक, लिंबू आणि कापूर घालून मळलेली. तालमीत कुणाला खरचटलं, अंगावर पुरळ उठलं, नायटा झाला की वस्ताद हीच माती चोळायचे आणि पोरं बरी व्हायची. कात टाकणाऱ्या सरड्याच्या अंगावरचे पांढरे पापुद्रे बघून वस्तादांना जे वाटायचं तेच वाटलं असणार. पठ्ठ्याचं अंग बिघडलंय. औषध तर घरातच आहे.

आबांनी चिमूटभर माती दोन बोटांवर घेतली आणि त्या पोपटी कुशीवर हळुवार टेकवली.

"आबा!"

ती किंचाळली. एवढ्या दिवसांचं सगळं त्या एका हाकेत होतं. "तुम्ही! तुम्हीच! मी हितं मरतेय, त्यो तिकडनं मला गुन्हेगार ठरवतोय, आणि तुम्ही हितं बसून..." तिनं डबा हिसकावला, तो भिंतीवर आदळला, माती खोलीभर उडाली. "काय डोकं हाय का न्हाई तुमाला? जावा मग त्याच्याकडं! निवासात ठेवणाराय तुमाला, दोन घास कोण भरवतंय तिथं बघते मी! वैतागले मी, आबा! वैतागले!"

ती थांबली.

आबा भिंतीला टेकले होते. दोन्ही हात डोक्यावर घेतले होते, मार चुकवणाऱ्या पोरासारखे. ज्या माणसानं शड्डू ठोकला की मैदान गप्प व्हायचं, तो माणूस लेकीपुढं अंग चोरून बसला होता. तिला ओळखतोय की नाही तेही कळत नव्हतं.

मांडीवर घसरलेल्या पठ्ठ्याच्या पाठीच्या कण्यावर एक काळी रेघ उमटली. मग तिच्यापासून खाली पट्टे उतरू लागले, एक, त्याच्या शेजारी दुसरा, सरळ, स्वच्छ, पोटापर्यंत. डॉक्टरांनी सांगितले होते तसेच. कुठं ठिगळ नाही, कुठं खरखर नाही. बघता बघता हिरवं सगळं झाकून गेलं.

आबांनी हात खाली घेतले. पठ्ठ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कळवळला.

"बग," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "ह्याला परत झालं. दुखतंय बग त्याला. माती दे गं थोडी. मी लावतो."

आणि ते बोटांनी चादरीवर सांडलेली माती गोळा करू लागले. ती काळी कातडी म्हणजे त्यांचीच भीती होती, आणि ते त्या जनावराला औषध लावायला निघाले होते.

संयोगितानं पुढं होऊन त्यांचे हात धरले. तिनं धरताच ते हात ताठ झाले. पट्टे आणखी गडद झाले. तिनं हात सोडले.

"न्हाई लावायचं, आबा," ती हळू म्हणाली. "माझं चुकलं. मला माफ करा." आबांनी मान हलवली, पण तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिनं अलगद पठ्ठ्याला उचलून पिंजऱ्यात फांदीवर ठेवलं, कुशीवरची माती ओल्या कापसानं टिपली, आबांना पाणी दिलं आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर बसली. तिनं वाट बघितली. पठ्ठ्या काळाच राहिला.

मग ती उठून बाहेर गेली. पडवीत, खिडकीच्या आडोशाला उभी राहिली आणि गजातून आत बघत राहिली. आबा थोडा वेळ दाराकडे बघत बसले. कुणी येत नाही असं पाहून त्यांनी खांदे सोडले. पाय पसरले. पिंजऱ्याच्या जाळीला बोट लावून म्हणाले, "दम धर, पठ्ठ्या. दम धर." आणि पठ्ठ्याच्या पोटाकडून, आधी शेपटीजवळ, मग कुशीवर, काळा रंग ओसरू लागला. हिरवा वर आला. संयोगिता तोंडात पदर कोंबून रडली.

फोन वाजला. दादा.

"संयू." त्याचा आवाज आज वेगळा होता, मऊ. "आत्ता एक नोंद आली. मोठी."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"हे बघ, मी काय म्हणतो. परत ते कातडीचंच असणार ना? कंपनीनं विचारलंय. नोंद दुखण्याची म्हणून बाद करायची की खरी धरायची, ते आपण दोघांनी मिळून सांगायचं. आपलं एकमत असलं तर ते डॉक्टरांनाही विचारणार नाहीत." तो घाईघाईनं बोलत होता. "निवासाचे लोक म्हणतात आबांसारख्यांना सांभाळायला वेगळा माणूस लागेल, आणि आमच्या घरी तर जागाच नाही. तसं मी चुकलोच गं. तुला उगाच बोललो. तू एक 'हो' म्हण. आबा तुझ्याकडंच राहू देत. कायमचे. मीही परत कधी हा विषय काढणार नाही."

एवढे दिवस ती ज्यासाठी भांडली ते भाऊ तिच्या ओंजळीत घालत होता. भांडणात हरल्यासारखं वागत होता, आणि खरं तर बापाला टाळत होता. हे तिला कळलं आणि तिला त्याचा जो तिटकारा आला तो आजवरच्या रागापेक्षा मोठा होता. एक 'हो' म्हटलं की झालं. आबा इथं. तिची खाट शेजारी. तिच्या हातची भाकरी.

तिनं गजातून आत बघितलं. आबांनी पठ्ठ्याला पुन्हा मनगटावर घेतलं होतं. तिची सावली खिडकीत हलली तशी आबांनी मान वर केली. पठ्ठ्याच्या पाठीवर बारीकशी काळी रेघ उमटली.

ती बाजूला सरकली.

"संयू? ऐकतेस ना? बाद करू? कातडीचंच होतं ना?"

"न्हाई दादा," ती म्हणाली. "कातडी बरी हाय त्याची. आबा मला भ्यालेत."